करवंटीवरची लादी

विठूतात्या कुणाच्याही घरी गेले तरी आधी बसत नसत, आधी वाजवत. मधल्या बोटाचं पेर वाकवून दाराच्या चौकटीवर टकटक, मग खांबावर, मग उकिडवं बसून पायाखालच्या जमिनीवर. मान जराशी कलती करून ऐकायचं आणि घरच्या माणसाकडे वळून विचारायचं, "ऐकलंत?" घरच्या माणसाला काही म्हणता काही ऐकू आलेलं नसायचं. तो बिचारा "हो हो" म्हणायचा, कारण नाही म्हटलं तर तात्या पुन्हा पहिल्यापासून वाजवणार, हे रत्नागिरीच्या साऱ्या मांडवी बंदराला ठाऊक होतं.

त्यांचा जन्म गेला गलबतं दुरुस्त करण्यात. बंदरात ओढून ठेवलेल्या गलबताखाली शिरायचं आणि फळी न फळी वाजवत जायचं. वरून तेल पिऊन तुकतुकीत दिसणारी फळी आतून कुजलेली आहे की नाही, हे त्या आवाजावरून ठरायचं. चुकलं तर भर समुद्रात पाणी आत. त्यामुळे बोटाचं ते पेर घट्टा पडून लाकडासारखं झालं होतं, आणि सवय इतकी हाडात मुरली होती की बाजारात मडकं, फणस, शहाळं, काहीही ते वाजवल्याशिवाय घेत नसत. एकदा आमच्या ह्यांना खोकला धरला, तेव्हा तात्यांनी सरळ त्यांच्या छातीवर टकटक केलं आणि म्हणाले, "मास्तर, डाव्या अंगाला बरं वाजत नाय." ह्यांना भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले तर त्यांनीही छातीवर बोटं ठेवून टकटकच केलं. घरी येऊन सांगायला लागले तेव्हा मला हसू आवरेना. फरक एवढाच, की डॉक्टर "ऐकलंत?" म्हणाले नव्हते.

आम्ही तात्यांचे बिऱ्हाडकरू. एकोणीसशे पंचवीसच्या आसपास हे रत्नागिरीच्या शाळेत मास्तर म्हणून लागले आणि तात्यांच्या घराची मागची बाजू आम्ही घेतली. मी पालीची, समुद्रापासून लांबची. आमच्या घरात अंगणापासून देवघरापर्यंत सगळी जमीन शेणानं सारवलेली. तात्यांच्या ओटीवर पहिल्यांदा पाऊल ठेवलं आणि मी थबकलेच. तांबड्या-पांढऱ्या रंगीत लाद्या! ओटी, माजघर, देवघर, थेट चुलीपर्यंत. त्या आळीत अशी फरशी दुसऱ्या कुणाची नव्हती. आता गलबतं ठोकणाऱ्या माणसाच्या घरात मुंबईच्या शेटजीची फरशी आली कुठून, हे विचारायची मला उगाच चोरी वाटत होती. पण विचारावं लागलंच नाही. तात्यांच्या बायकोनं, सुंदराकाकीनं, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"गो, शेटचा माल हुता तो. गलबतातनं येताना पानी लागलं. शेट म्हनाला, भिजका माल मला नको. मग गलबतवाल्यानं काय करावं? ह्यांची मजुरी म्हनून लाद्याच दारात आनून टाकल्या. मी म्हटलं, आता ह्या काय शिजवायच्या?"

सुंदराकाकी सुकी मासळी विकायची. अंगानं बारीक, आवाजानं खणखणीत. तात्यांना ती भीत नसे, आणि तात्या जगात भीत असले तर एकटे तिला. लाद्या आल्या तेव्हा तिनं सांगितलं होतं की एखादा जाणता गवंडी बोलवा. तात्या म्हणाले, गलबताच्या फळ्या बसवतो त्याला लाद्या बसवायला गवंडी कशाला? बंदरावरचे दोघे-तिघे सोबती घेतले, शिंपल्यांचा चुना आणला आणि वाळू? वाळू तर घरासमोरच पसरली होती, मैलभर! पाट्या भरभरून किनाऱ्यावरची वाळू आणली, चुन्यात कालवली आणि फरशी घालून मोकळे झाले. ही चूक समुद्राकाठच्या माणसानंच करावी. आमच्या पालीच्या माणसाला वाळूसाठी नदीवरच जावं लागलं असतं.

पहिलं वर्ष फरशी आरशासारखी होती म्हणे. दुसऱ्या पावसाळ्यात तिला घाम फुटला. लाद्यांच्या दरजांतून पांढरं पीठ वर यायला लागलं, आणि दिवाळीपर्यंत निम्म्या लाद्या पायाखाली डुगडुगायला लागल्या. ज्या डुगडुगत नव्हत्या त्या पोकळ वाजत होत्या. तात्यांना पोकळ लादीचा राग डुगडुगणाऱ्या लादीपेक्षा जास्त. "डुगडुगती ती निदान सांगते तरी," ते म्हणायचे. "पोकळ असते ती गप ऱ्हाते आनि एक दिवस दगा देते."

मी बिऱ्हाडाला आले तेव्हा हा संग्राम ऐन रंगात होता. सकाळी पेज पिऊन झाली की तात्या मोगरी, पटाशी आणि थापी घेऊन बसायचे. पोकळ लादी शोधायची, पटाशीनं दरज मोकळी करायची, लादी न फुटता अलगद उचलायची, खालचा मेलेला चुना खरवडून काढायचा, नवा भरायचा, लादी बसवून लाकडी मोगरीनं ठोकायची. ओला चुना धरेपर्यंत तिच्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून तिच्यावर काहीतरी ठेवायला हवं, तर घरातली नेमकी एकच वस्तू त्यांना सुचायची, ती म्हणजे काकीचा बसायचा पाट. काकी चुलीपाशी बसायला जायची तर पाट नाही.

"माजा पाट खंय गेला?"

"लादीवर."

"मग मी काय लादीखाली बसू?"

हे रोजचं. मग काकी जमिनीवरच बसायची आणि तात्या पाट उचलायचे नाहीत ते नाहीतच. आणि इतकं करून पुढच्या पावसाळ्यात तीच लादी पुन्हा पोकळ.

एका श्रावणात काकीनं सुकटीची पेटी उघडली. दमट हवेनं खारवलेल्या मासळीला पाणी सुटलं होतं. तिनं पेटी तशीच तात्यांपुढे आदळली.

"बगा. मिठातली मासळी पावसात रडते. तुमची फरशी बी तशीच रडते. मीठ घातलंत तुमी तिच्यात, मीठ! समुद्राची वाळू घातलीत."

आमच्यासमोर बायकोचं म्हणणं कबूल करणं तात्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. पण पुढच्या ज्येष्ठात मी पाहते तर घराच्या तिन्ही बाजूंनी पागोळ्यांखाली वाळूचे लांबट ढीग घातलेले. कौलांवरून पडणारं पावसाचं पाणी रात्रंदिवस त्या वाळूतून झिरपत होतं. तात्या रोज संध्याकाळी इरलं डोक्यावर घेऊन बाहेर जायचे, ढिगाच्या पोटात हात घालून चिमूटभर वाळू काढायचे आणि चक्क जिभेवर ठेवायचे. मग थुंकायचे. येणारेजाणारे थांबून बघायचे. शेजारच्या एकानं विचारलंही, "तात्या, काकीनं जेवायला घातलं नाय का?" तात्यांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. भाद्रपद आला तेव्हा त्यांनी वाळूची चिमूट काकीच्या हातावर ठेवली. तिनं चाखली आणि म्हणाली, "अळनी." त्या वर्षीपासून बसवलेल्या लाद्या धरून राहिल्या. पण धुतलेली वाळू दर पावसाळ्यात थोडीच हाती लागायची, त्यामुळे काम वर्षाला पाच-पंचवीस लाद्या अशा चालीनं सरकत होतं. तात्यांना घाई नव्हती. समोरचं काम संपल्याशिवाय आपण मरणार नाही, अशी त्यांची खात्रीच होती.

दुसऱ्याच्या घरातली पोकळ लादीही त्यांना सुखानं जगू देत नसे. आमच्या आळीच्या टोकाला एका वकिलांनी नवा बंगला बांधला आणि सत्यनारायणाला सगळ्यांना बोलावलं. भटजींची कथा सुरू होती, आम्ही बायका एका बाजूला बसलो होतो. मला दिसलं, तात्या बसल्याजागी सरकताहेत. पेर वाजवायचं, जरा सरकायचं. असे सरकत सरकत ते चौरंगापर्यंत गेले आणि हलकेच म्हणाले, "भटजी, जरा उठताव?"

वकील तांबडेलाल झाले. "तात्या, पूजा चाललीय."

"चालू दे की. त्यांच्या खालची पोकळ हाय तेवडीच सांगत हुतो."

काकीनं लांबूनच असा डोळा वटारला की तात्या गप्प बसले. पण आठवडाभर त्यांना चैन पडेना. "ती लादी तिथं हाय, मला हितं बसून ऐकायला येते," म्हणायचे. शेवटी एक दिवस वकील कोर्टात गेलेले बघून मोगरी-थापी घेऊन गेले, वकिलीणबाईंना सांगितलं आणि लादी नीट बसवून आले. हे मी मुद्दाम सांगते आहे. अशा माणसाला पुढं काय करावं लागलं, ते त्याशिवाय कळायचं नाही.

काकीची नजर हळूहळू जात होती. आधी सुईत दोरा जाईना, मग बाजारात माणसं ओळखू येईनात. काचबिंदू, डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही. ती ऐकून घेऊन घरी आली आणि चुलीपुढे बसून भाकऱ्या थापायला लागली. बाजार सुटला, पण घर सोडलं नाही. ओटीवरून माजघर, माजघरातून चूल, चुलीवरून मागच्या पडवीतलं पाण्याचं मडकं, हात पुढे न करता, भिंत न धरता चालायची. नवा माणूस आला तर त्याला पत्ता लागत नसे की हिला दिसत नाही. काठी आणून दिली तर ती तिनं चुलीत घातली. आम्हाला वाटायचं, इतक्या वर्षांचं घर, सवयीनं चालते. तात्यांनाही तेच वाटायचं.

आणि एका पावसाळ्याच्या शेवटी माजघरातल्या एका लादीची कड वर आली. काकीचं पाऊल अडखळलं, ती तोल जाऊन पडली आणि मनगट मोडलं. गणपतीला मुलगा यशवंत मुंबईहून आला तेव्हा आईचा हात गळ्यात. यशवंत गोदीत कामाला होता. स्वभावानं चांगला, पण बोलणं तोडून टाकल्यासारखं.

"आये, तू आता मुंबईला चल. हितं पडून मरायचंय काय?"

"थितं काय करू?"

"काय करायचंच नाय. बसून ऱ्हायचं. तुजी सून करील सगळं."

काकीनं गळ्यातला हात सावरला. मग म्हणाली, "यशवंता, माज्या पायानं मी माज्या चुलीशी जाते तोवर मी मानूस हाय. तुज्या खोलीत मला गाठोड्यासारखी कोपऱ्यात ठेवशील आनि येता-जाता इचारशील, आये बरी हायस ना? मला नको तसलं बरं."

यशवंत वडिलांकडे वळला. "बाबा, ह्या फरशीवर तिला मी सोडून जानार नाय."

"शिमग्याला ये," तात्या म्हणाले. "तोवर एक लादी हलली तर घेऊन जा तिला. मी अडवनार नाय."

हे ठरलं. शिमग्यापर्यंत. यशवंत गेला आणि तात्या कामाला लागले. त्या हिवाळ्यात त्यांच्याइतका निश्चयी माणूस मी पाहिला नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्यांची थोडी भीतीही वाटली. पागोळ्यांखालची सगळी वाळू त्यांनी आत आणून ठेवली होती. ओटीच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. आता वाजवून निवड करणं नाही, शंका आली की उचल. पन्नाशी कधीच उलटलेला माणूस दिवसभर गुडघ्यांवर, चुन्यानं बोटं फाटलेली, भेगांत खोबरेल भरायचं आणि पुन्हा पटाशी धरायची. बंदरावरून बोलावणं आलं तर "शिमग्यानंतर" म्हणून परतवायचे. जेवायला हाक मारली तर "ही झाली की" म्हणायचे. काकीचा पाट लादीमागून लादीवर फिरत होता. आता ती पाटावरून भांडत नसे. पायाला पाट लागला की वळसा घालून जायची, गप्प. ती गप्प का आहे, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

माघ संपता संपता शेवटची लादी बसली, चुलीअलीकडची. ती धरल्यावर तात्यांनी मला हाक मारली. "मास्तरीणबाय, या. वाजवा कुठली बी." मी पेर वाकवून वाजवलं. इथे वाजवलं, तिथे वाजवलं. सगळीकडे एकच भरीव, जाड आवाज. तात्या मान कलती करून ऐकत होते. सबंध घर त्यांनी एका आवाजाचं करून टाकलं होतं. "ऐकलंत?" म्हणाले, आणि यावेळी मला खरोखरच ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीच्या किंकाळीनं मी धावत पुढे गेले. ती चुलीवर जाऊन आदळली होती. पेजेचं मडकं लवंडलं होतं, पाऊल भाजलं होतं, आणि लुगड्याचा काठ निखाऱ्याला लागून धुमसत होता. तात्यांनी हातानंच तो चुरगळून विझवला. मी थंड पाणी ओतलं, कोरफडीचा गर लावला. तात्या नुसते तिच्याकडे बघत होते.

"फरशी तर हलली नाय," ते म्हणाले. "मग कशी पडलीस?"

"हलली नाय म्हनूनच."

"म्हंजे?"

तेव्हा कुठं ती बोलली. देवघरापाशी एक लादी पोकळ वाजायची, तिथून डावीकडे वळायचं. माजघराच्या दारात एक डुगडुगायची, तिथं पाय उचलायचा. चुलीच्या दोन पावलं अलीकडे एक होती, ती टाचेखाली बोलली की थांबायचं. पडवीत उतरायची पायरी आली की तिथं एक. नजर गेली तसतशी ती ह्या लाद्या पायानं पाठ करत गेली होती. तात्या ज्यांच्यावर दात धरून होते, त्याच लाद्यांच्या जोरावर ती घरात चालत होती.

"आता सगळीकडं एकच वाजतं. मी भर पान्यात उबी हाय, काठ खंय कळत नाय."

"मग बोलली का नायस? माघभर मी मरत हुतो हितं!"

"काय बोलू? तसल्याच लादीनं मला पाडलं. तसल्या तशाच ठेवा म्हनून कुठच्या तोंडानं सांगू? वाटलं, शिकेन नवी वाट. नाय शिकता आली."

तात्या उठले आणि ओटीवर जाऊन बसले. दुपारी जेवले नाहीत. मला त्या दोघांची इतकी कणव आली की मी आपलं आमचं जेवण घेऊन काकीपाशी बसले. ती मला म्हणाली, "इंदू, यशवंताला सांग, मी येते म्हनावं मुंबैला." ते मात्र मला ऐकवेना. संध्याकाळी तात्यांना मी तिचं बोलणं सांगितलं. ते समुद्राकडे बघत होते.

"मास्तरीणबाय," ते म्हणाले, "पोकळ लादी मी माज्या हातानं घालायची?"

"तात्या, काकी मुंबईला जायचं म्हणतेय."

"ऐकलं मी."

सकाळी मी उठून बघते तर चुलीजवळची लादी उचललेली.

पण पोकळ लादी घालणं त्यांना वाटलं तितकं सोपं नव्हतं. आपोआप होते ती पोकळ लादी आज ना उद्या सुटते, आणि सुटलेल्या लादीनं काकी पुन्हा पडली असती. हवी होती ती वाजेल पण हलणार नाही अशी. पहिल्यांदा त्यांनी फक्त चार कोपऱ्यांखाली चुना ठेवला. वाजली छान, पण ओला चुना धरल्यावर पाय देऊन बघितला तर कोपरा कचकला. मग खाली कोरडी वाळू भरली. तर ती धड वाजेना, नुसतं भद्द करायची. तात्या चिडले, लादी पुन्हा उचलली. शिमगा जवळ येत होता. आळीतली पोरं होळीसाठी लाकडं गोळा करू लागली होती.

मग एके दुपारी काकीनं नारळ खवून करवंटी बाजूला टाकली. ती उपडी पडली. तात्यांनी सवयीनं तिच्यावर पेर मारलं आणि त्यांचा हात तसाच राहिला. ते करवंटीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग उचललेल्या लादीच्या जागेकडे. करवंटी कुजत नाही, चिरडत नाही, आणि पोटात पोकळी धरून बसते. त्यांनी लादीच्या मधोमध खड्डा केला, करवंटी उपडी घातली, तिच्या चारी बाजूंनी कडेपर्यंत चुना घट्ट दाबून भरला आणि वर लादी ठोकली. त्यावर पाट. चुना धरल्यावर पाट काढला आणि स्वतः तिच्यावर उभे राहून अंग हलवून पाहिलं. लादी जागची हलली नाही. टाच आपटली तर खालून खोल, गोल आवाज आला.

"गो, ये हितं," त्यांनी हाक मारली.

काकी भाजल्या पायानं लंगडत आली, टाच टेकली आणि थांबली. चूल बरोबर दोन पावलं पुढे होती. ती हसली. मोडून सांधलेला हात, भाजलेला पाय, आणि हसत होती.

पुढे तर तीच मुकादम झाली. "देवघराशी मोठी करवंटी घाला, चुलीशी बारकी. दोनी सारख्या वाजल्या तर मला काय कळनार?" तात्या शेजारपाजारी जाऊन लहान-मोठ्या करवंट्या मागून आणायचे, वाजवायचे, पसंत पडली तर घ्यायचे. सबंध जन्म ज्या आवाजाशी हाडवैर, तोच आता जिथं हवा तिथं, हवा तसा मिळाला नाही तर लादी पुन्हा उचलायची. देवघरापाशी, माजघराच्या दारात, चुलीअलीकडे, पडवीच्या पायरीवर. बाकी सारी फरशी भरीव.

शिमग्याला यशवंत बायकोला घेऊन आला. आल्याआल्या सगळ्या घरातून फिरला. एक लादी हलेना. माजघराच्या दारात मात्र थबकला. "बाबा, ही पोकळ ऱ्हायली."

तात्यांच्या चेहऱ्यावर जी कळ आली ती मी पाहिली. साऱ्या मांडवीला ज्यानं पोकळ लाद्या दाखवल्या त्याला त्याचा मुलगा त्याच्याच घरातली पोकळ लादी दाखवत होता. एक शब्द बोलले असते तर सुटले असते.

"हां," ते म्हणाले. "ऱ्हायली."

तेवढ्यात बाहेर ढोल वाजले. ग्रामदेवतेची पालखी आळीत आली होती. घरातल्या बाईनं पुढे होऊन ओटी भरायची. सून उठायच्या आत काकी चुलीपासून उठली, खण-नारळाचं ताट घेतलं आणि निघाली. चुलीची लादी बोलली, दाराची बोलली, तिनं उंबऱ्यावर पाय उचलला, देवघराकडून वळली आणि भरल्या ताटानं ओटीवरून सरळ पालखीपुढे जाऊन उभी राहिली. तांदळाचा एक दाणा सांडला नाही. यशवंत दारातल्या त्या लादीकडे बघत राहिला. मग वाकून त्यानं पेर वाकवलं आणि एकदा हळूच वाजवलं. मुंबईचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

त्यानंतर काकी पुष्कळ वर्षं त्या घरात चालली. गेली ती थोडक्या तापानं, स्वतःच्या अंथरुणावर, सकाळची चूल स्वतः पेटवून. यशवंत आता वडिलांना न्यायला बघत होता, पण तात्या त्याला दाद देत नव्हते.

पुढच्या वर्षी ह्यांची बदली चिपळूणला झाली. सामान गाडीत भरलं आणि मी तात्यांचा निरोप घ्यायला पुढच्या दारानं आत गेले. ओटीवर कुणी नव्हतं. स्वयंपाकघरातून पटाशीचा आवाज येत होता. तात्या चुलीअलीकडे गुडघ्यांवर बसले होते. लादी उचललेली होती. करवंटी चिरली असावी, तिचे दोन तुकडे बाजूला पडले होते. मला वाटलं, आता तरी ती जागा भरून टाकताहेत. एका परीनं मला बरंच वाटलं.

तेवढ्यात त्यांनी शेजारच्या सुपातून एक नवी करवंटी उचलली. बारकी. वाजवून पाहिली, बाजूला ठेवली. दुसरी घेतली, वाजवली, आणि ती खड्ड्यात उपडी घातली.

"तात्या," मी म्हटलं, "आता कशाला?"

त्यांनी वर पाहिलं. माझा प्रश्नच त्यांना कळला नव्हता.

"कशाला म्हंजे? मोडली हुती. नीट केली."

चारी बाजूंनी चुना दाबून त्यांनी लादी ठोकून बसवली. दरज भरली, हात पुसले. मग भिंतीशी टेकवून ठेवलेला काकीचा पाट आणला आणि ओल्या लादीवर कुणाचा पाय पडू नये म्हणून तिच्यावर नीट मधोमध ठेवला. त्या घरात पाय ठेवणारं आता दुसरं कुणीच नव्हतं.